फोटोपुरतं आत या

"तुम्ही जरा तिकडं बसा हं."

शाळेतली शिकवणारी बाई असं म्हणाली तेव्हा तिचा हात हवेतच होता. डाव्या हातात करंडा, उजव्या हाताच्या बोटाला कुंकू. माझ्या पुढच्या बाईला तिनं लावलं होतं. मग माझा नंबर. बोट माझ्या कपाळाकडं निघालं आणि अर्ध्यात थांबलं. तिला आठवलं असावं. माझा नवरा दिवाळीच्या आधी गेला, हे सगळ्या वस्तीला माहीत. शाळेलाही माहीत, कारण पोरगी तेव्हा आठवडाभर शाळेत गेली नव्हती. मग ते कुंकवाचं बोट वळलं आणि त्यानं मला जागा दाखवली. व्हरांड्यातली. जिथं सगळ्या बायकांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

"वाईट नका वाटून घेऊ," ती हळूच म्हणाली. "रीत आहे."

माझ्या मागच्या बाईनं कपाळ पुढं केलं. तिला लागलं. ती आत गेली.

ही आमची महापालिकेची शाळा. अकोल्यातली. माझी प्रज्ञा तिथं सहावीत. निरोप तिच्याच तोंडून आला होता, की माता-पालक मेळावा आहे, सगळ्या मातांनी यायचंच. मी दालमिलमध्ये तूरडाळ निवडते. मुकादमाच्या मिनतवाऱ्या करून अर्धा दिवस सुटले होते. अंगावरची डाळीची धूळ धुतली, इस्त्रीची साडी नेसली. मला एक गोष्ट विचारायची होती. पोरी सांगत होत्या, की जूनपासून या शाळेत सातवी राहणार नाही. खरं काय ते मोठ्या बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तेवढ्यासाठी मी गेले होते.

पण संक्रांतीचे दिवस. मेळाव्यालाच हळदीकुंकू जोडलेलं. मोठ्या बाईंचं म्हणणं असं, की त्याशिवाय बायका शाळेत येत नाहीत. आधी हळदीकुंकू, मग पाहुणीचं भाषण, मग वाण. शाळेचं जे काय ठरवायचं ते या सगळ्याच्या मधे कुठंतरी. म्हणजे शाळेच्या कारभारात जायचं दार कपाळावरून. कपाळ चालत असेल तर आत.

मी चपलांपाशी जाऊन बसले.

तिथं सरूमाय आधीच होती. सरूमाय हार विकते, मंदिराच्या रस्त्यावर. म्हातारी. नवरा जाऊन जमाना झाला, मुलगा-सून वीटभट्टीवर, नात तिच्याजवळ. नात माझ्या प्रज्ञाच्याच वर्गात. सरूमायला कोणी बस म्हटलंच नव्हतं. ती आपणहून बसली होती, सवयीनं. आणि शबानाभाभी होती. तिचा नवरा धडधाकट आहे, ऑटो चालवतो. पण तिचं कपाळ या हिशोबातच नव्हतं. तिनं मला जागा करून दिली, दोन चपला बाजूला सरकवल्या.

"बैठो," ती म्हणाली. "इधर हवा अच्छी है."

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग नीट कळेल. मला कुंकू नकोच होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव काढले, रीती काढल्या. नवरा जिवंत होता तेव्हाही कोणी हळदीकुंकवाला बोलावलं तर मी शेजारधर्म म्हणून जायचे, बोट लावून घ्यायचे आणि घरी येऊन तोंड धुवायचे. नवरा हसायचा. म्हणायचा, "झाली का सौभाग्यवती?" तर असं ते कुंकू. आज ते मला कोणी लावायला आलं असतं तर मी नको म्हटलं असतं. पण नको म्हणायची पाळी माझ्यावर येऊच दिली नाही. जी गोष्ट मी कधी मागितली नाही, तिच्यासाठी मला बाहेर बसवलं. आणि माझ्या पोरीचा वर्ग त्या दाराच्या आत होता.

आतून माईक घरघरत होता. पाहुणी बोलत होती. पाहुणी म्हणजे माजी नगरसेवकाची बायको, सगळे ताईसाहेब म्हणतात. तिची मुलं कॉन्व्हेंटला जातात, गाडीनं. आमच्या शाळेनं काय करावं ते मात्र तीच सांगते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? व्हरांड्यात नुसता आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मधेच कुठं "सहभाग" ऐकू यायचं, कुठं "माता". मग टाळ्या झाल्या. मोठ्या. बराच वेळ.

"कायच्या टाळ्या वो?" सरूमायनं विचारलं.

मला काय माहीत.

मग शिपाई आला. त्याच्या मागून करंडेवाली बाई आली. घाईत होती. "चला, चला, आत या. फोटोपुरतं आत या. मागं बसा, पदर घ्या डोक्यावर. झालं की परत येऊन बसा."

सरूमाय उठली. मीही उठले. हो, उठले. का उठले ते अजून मला नीट सांगता येत नाही. कोणी ये म्हटलं की पाय निघतात, इतकी वर्षं पायांना तेवढंच शिकवलंय. आम्ही मागच्या ओळीत जाऊन बसलो. मोबाईलवाल्यानं हात वर केला. हॉल भरलेला दिसला पाहिजे ना. डोकी पाहिजे होती. डोक्याला कपाळ कसलं आहे ते मागच्या ओळीत दिसत नाही.

शबानाभाभी नाही उठली. तिथूनच म्हणाली, "मेरा फोटो महंगा है."

फोटो झाला. करंडेवालीनं आमच्याकडं पाहिलं आणि मानेनंच दार दाखवलं. आम्ही परत चपलांपाशी.

त्या हॉलमध्ये एका कडेला स्वागतगीताच्या पोरी उभ्या होत्या. निळ्या रिबिनी बांधलेल्या. प्रज्ञा त्यांत होती. तिनं मला आत येताना पाहिलं, बसताना पाहिलं, उठताना पाहिलं. माझी तिच्याशी नजरानजर झाली. मी हसले. ती हसली नाही.

संपल्यावर आतल्या बायका वाण घेऊन बाहेर आल्या. प्लास्टिकचे डबे होते, गुलाबी झाकणाचे. आम्हाला शिपायानं तिळगूळ दिला, कागदात. त्या माणसाचा काही दोष नाही, त्याला सांगितलं होतं तसं त्यानं केलं. गोड बोला, म्हणाला. मी कागद तसाच मुठीत दाबला.

घरी येताना पोरीनं विचारलं, "आई, तू काहून बाहेर बसली होती?"

"आत गरमी होत होती."

संक्रांतीचे दिवस. पोरीच्या अंगात स्वेटर.  

टाळ्या कशाच्या होत्या ते संध्याकाळी कळलं. मंगला आमच्या गल्लीतच राहते, भाजीची गाडी लावते. ती आत बसली होती, पुढच्या सतरंजीवर. ती पालकाच्या जुड्या बांधत होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं.

"ताईसाहेबानं सांगतलं, का आता सातवीचा वर्ग लाइनीपलीकडच्या शाळेत नेऊन राहिले," मंगला म्हणाली. "इथच्या वरच्या खोल्या त्यायच्या मंडळाले कॉम्प्युटर क्लाससाठी देतेत. पोरायचं भलंच होईल म्हणे."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"आमी काय म्हणाव? थे म्हणली, सगळ्यायची संमती हाये ना, आता वाण वाटू. मंग आमी टाळ्या वाजवल्या."

"संमतीच्या?"

मंगलानं जुडी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. "वाणाच्या, बाप्पा," ती म्हणाली. "आमाले वाटलं भाषण संपलं."

तिची पण पोरगी सहावीत आहे.

लाइनीपलीकडची शाळा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. रेल्वेची लाइन ओलांडायची. मग ट्रकांचा रस्ता, दोन्ही बाजूंना धाबे आणि दारूचं दुकान. बाया दिवसाही त्या रस्त्यानं एकट्या जात नाहीत. आमच्यातला कोण बाप आपल्या सातवीतल्या पोरीला रोज तिकडं पाठवणार? पाठवणारच नाही. पोरी घरी बसतील. एखादं वर्ष धाकट्या भावंडांना सांभाळतील. मग माझ्या शेजारी येऊन डाळ निवडतील. मग लग्न. हे काही मी भीतीनं बोलत नाही, असंच होतं. माझं असंच झालं. माझी शाळा सातवीपर्यंत होती, आठवी लांब होती. लांब म्हटल्यावर विषयच संपला. घरात कोणी भांडण केलं नाही, कोणी रडलंही नाही.

माझं माहेर अमरावतीचं. बडनेऱ्याच्या रस्त्याकडची वस्ती. बाप हातगाडी ओढायचा. माझी माय माझ्या शाळेत एकदाच आली, आणि ती कशी आली ते मी विसरू शकत नाही. साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी वर्गात एका पोराला उलट्या झाल्या. गुरुजींनी वर्गाकडं पाहिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. म्हणाले, "हिच्या मायले बोलवा." वर्गात पोरं भरपूर होती, प्रत्येकाला माय होती. पण माझीच माय बोलावली.

मायला काय वाटलं असेल? मायला आनंद झाला. तिनं शेजारणीला सांगितलं, "मले शाळेतून बलावनं आलं." चांगलं लुगडं नेसून आली. आल्यावर कळलं कशासाठी ते. तिनं पदर खोचला, फरशी धुतली, मग गुरुजी म्हणाले म्हणून मुताऱ्याही धुतल्या. आम्ही पोरं ओळीनं बाहेर उभी. गुरुजी ओल्या फरशीवरून चालत गेले आणि तिच्या हाताजवळून बूट टाकत पलीकडं झाले. तिनं हात मागं घेतला आणि पुन्हा फडकं फिरवलं. निघताना मायनं शाळेला हात जोडले. गुरुजींना नाही, भिंतीला. शाळा म्हणजे तिला विहारासारखीच. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ते जिथं घडतं ती जागा. त्या जागेनं तिच्या हातात फडकं दिलं, तरी तिनं हात जोडले. मला मायची चीड आली होती तेव्हा. आता चीड येते ती दुसऱ्यांची.

तर असा आमचा सहभाग. मायला फडकं, मला चपलांची राखण. आणि वर बोलायला मोकळे, की यांचे पालक शाळेत येतच नाहीत, यांना पोरांच्या शिक्षणाचं पडलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मिलमधून सुटून शाळेत गेले. मोठ्या बाई ऑफिसात होत्या. समोर खुर्च्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

मी म्हटलं, "मॅडम, सातवीचा वर्ग हलवू नका. पोरी लाइन ओलांडून जाणार नाहीत."

"पालकांची संमती घेऊनच करतोय आपण. कालच मेळाव्यात झालं सगळं. तुम्ही होतात ना काल?"

"होते."

"मग तेव्हाच बोलायचं."

"मॅडम, मी बाहेर व्हरांड्यात होते. बसवलं होतं मला."

त्यांनी चष्मा काढला. "दार काही बंद नव्हतं," त्या म्हणाल्या. "मनात असतं तर आवाज आला असता आत."

 बाई शिकलेली. एम.ए., बी.एड. बोलते गोड. ओरडली नाही, शिवी दिली नाही. आणि एका वाक्यात तिनं मला बाहेरही बसवलं आणि आत का बोलली नाहीस म्हणून जाबही विचारला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी निघाले. पण दारात माझे पाय थांबले. डोक्यात तेच वाक्य घुमत होतं, आवाज आला असता आत. बरं. मी मनाशी म्हटलं, बरं, मॅडम. आवाज येईल.

मग मी सुरू केलं. मिल सुटली की घरोघरी. मी एकटी नाही, शबानाभाभी संगतीला. तिचीही पोरगी सहावीत. आम्ही कोणाला भाषण दिलं नाही. आम्हाला येतही नाही. आम्ही फक्त विचारत गेलो, तुझी पोरगी जाईल का लाइनीपलीकडं? बायका नाही म्हणायच्या. मग आम्ही म्हणायचो, पण तू तर हो म्हटलंस, टाळी वाजवून. बायका चमकायच्या. काही चिडायच्या. एकीनं तर आम्हाला दारातून काढलं, म्हणाली, वाण भेटलं नाही म्हणून हिचा जीव जळून राहिला. मंगलाला हे कळलं. ती तिच्या घरी गेली आणि तिच्याशी काय बोलली कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून ती बाई बोलायला लागली.

माझं एकच सांगणं होतं. "आता शाळेत गेलं ना, का कायबी होऊ द्या, टाळी वाजवू नोका. पाहुणे येवो, फोटो काढो, हार घालो. हात मांडीवर ठेवजा."

हे त्या बायांना किती अवघड होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आम्हाला बोलणं जमत नाही, टाळी तेवढी जमते. ती पण सोडायची म्हणजे हातांचं करायचं काय?

आणि मग शाळेतून बोलावणं आलं. खास मला. करंडेवाली बाई माझ्या घरी आली, माझ्या दारात, चप्पल काढून आत. महिला दिन होता. ताईसाहेबांनी कार्यक्रम ठेवला होता, महापालिकेचे साहेब येणार होते. साहेबांसमोर वर्गाचं सगळं पक्कं होणार होतं. आणि त्याच कार्यक्रमात एकल मातांचा सन्मान.

"तुमचं बोलणं कानावर आलं मोठ्या बाईंच्या," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं ना? म्हणून या वेळी तुम्हाला पुढं बसवणार आहोत. ताईसाहेब स्वतः कुंकू लावणार तुम्हाला. सरूमायलाही. चांगली साडी नेसून या हं."

 त्यांना वाटलं, मला कुंकवाचा राग आला. इतक्या दिवसांत त्यांच्या डोक्यात तेवढंच शिरलं. सातवीचा वर्ग शिरलाच नाही.

मी म्हटलं, "येते."

हॉलमध्ये फुगे लावले होते. स्टेजवर साहेब, ताईसाहेब, मोठ्या बाई. समोर दोन खुर्च्या, एक सरूमायला, एक मला. शबानाभाभीला खुर्ची नव्हती. तिचा नवरा जिवंत, म्हणजे सन्मानात बसत नाही, आणि कपाळ कोरं, म्हणजे हळदीकुंकवातही बसत नाही. पण या वेळी ती चपलांपाशी बसली नाही. ती मंगलाजवळ सतरंजीवर येऊन बसली, आणि मंगला सरकली.

ताईसाहेब बोलल्या. जुन्या रूढी मोडायच्या, म्हणाल्या. आमच्या या भगिनींना समाजानं दूर ठेवलं, म्हणाल्या. समाजानं! संक्रांतीला त्या याच हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या चपलेशेजारी. मग त्या खाली उतरल्या. मोबाईल वर झाले. त्या आधी सरूमायकडं गेल्या.

सरूमायनं मान वर केली. मला वाटलं ती नको म्हणेल. आमचं बोलणं झालं होतं. पण कुंकवाचं बोट जवळ आलं तसे तिचे डोळे भरले, आणि तिनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. इतकी वर्षं ती देवाला हार विकते, सवाशिणींना वेण्या विकते, आणि तिच्या कपाळाला कोणी हात लावलेला नाही. ताईसाहेबांनी कुंकू लावलं. सरूमायच्या हनुवटीवरून पाणी खाली आलं. मला तिचा राग आला नाही. ज्याचं काढून घेतलेलं असतं, त्यालाच त्याची किंमत. माझं तसं नव्हतं.

मग बोट माझ्याकडं आलं. या वेळी ते थांबलं नाही. मी मनगट धरलं. जोरात नाही. नुसतं धरलं.

"मले कुंकू नको," मी म्हटलं. "मले सातवीचा वर्ग पायजे."

ताईसाहेब हसल्या. मोबाईल चालू होते ना. "अहो, तो विषय वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "आज तुमचा सन्मान आहे."

"संक्रांतीले मले बाहेर बसवलं आन् आत पोरीचा वर्ग काढून घेतला. आता पुढं बसवून तेच करून राहिले तुमी. हा सन्मान तुमच्यापाशी ठेवा."

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. माईकवर म्हणाल्या, की बसून घ्या, आपण सगळे सुशिक्षित लोक आहोत. मी बसले नाही.  मला वाटलं, झालं, आता एवढंच. आता मला बाहेर काढतील आणि आत गाणं लावतील.

तेव्हा सरूमाय उठली. कपाळावर ठसठशीत कुंकू, गालावर पाणी. तिनं पदरानं नाक पुसलं आणि सरळ साहेबांकडं पाहिलं.

"लागलं ना मले कुंकू?" ती म्हणाली. "आता तं मी आत बसू शकतो, बोलू शकतो. मंग सांगा साहेब, माह्या नातीची सातवी कुठी गेली?"



साहेबांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं. मोठ्या बाईंनी ताईसाहेबांकडं. ताईसाहेब स्टेजवर चढल्या, माईक घेतला आणि आवाज चढवून म्हणाल्या, की एकदोन जणींचा गैरसमज आहे, बाकी सगळ्या मातांची संमती आहे, संक्रांतीलाच दिलेली आहे. "आहे ना संमती? होऊ द्या टाळ्या!"

करंडेवालीनं वाजवली. आणखी दोन शिक्षिकांनी वाजवली. आणि थांबल्या, कारण त्यांच्याशिवाय कोणी वाजवत नव्हतं. सगळ्या सतरंज्या गप्प. मी मागं वळून पाहिलं. मंगलानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, पळून जातील असे. शेजारी शबानाभाभी हाताची घडी घालून. ज्या बाईनं आम्हाला दारातून काढलं होतं, तिचेही हात मांडीवर.

साहेब म्हणाले, "पालकांची पुन्हा सभा घ्यावी लागेल. तोवर थांबा." एवढंच. ते चहा न घेता गेले. फुगे तसेच राहिले.

जिंकलो असं कोणाला वाटलं असेल तर त्यानं पुढचं ऐकावं. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा शाळेतून आली आणि तिनं निळी रिबीन दप्तरातून काढून माझ्यापुढं ठेवली. तिला स्वागतगीतातून काढलं होतं. मागच्या बाकावर बसवलं होतं. वर्गावरच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या आईला स्टेज फार आवडतं, नाही का?" पोरं हसली. सरूमायच्या नातीलाही मागं बसवलं. वर्ग हलवायचं थांबवलं असं लेखी कोणी देत नाही. नवी सभा कधी, ते कोणी सांगत नाही. वरच्या खोल्यांत कॉम्प्युटरची टेबलं येऊन पडली आहेत, झाकून. मंगलाच्या गाडीजवळ ताईसाहेबांची माणसं येऊन उभी राहतात. काही बोलत नाहीत, नुसती उभी राहतात. मला मिलचा मुकादम म्हणाला, तुझ्या सुट्ट्या फार झाल्या.

मी पोरीला त्या दिवशी खरं सांगितलं. आत गरमी नव्हती, मला बाहेर बसवलं होतं, आणि का बसवलं होतं. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग तू उद्या शाळेत येशील?"

गेले. मोठ्या बाईंना विचारलं नाही. सहावीच्या वर्गात गेले, मागच्या बाकावर, माझ्या पोरीच्या आणि सरूमायच्या नातीच्या मधे बसले. बाई फळ्याकडं वळलेल्या होत्या, मागं पाहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. "तुम्ही इथं काय करताय?"

"सहभाग," मी म्हटलं.

त्या शिपायाला बोलवायला निघाल्या. शिपाई दारात आला, मला पाहिलं आणि उंबऱ्याशीच उभा राहिला. मी उठले नाही. शेवटी त्यांनी शिकवायला घेतलं. अपूर्णांक होते. मला ते येत नाहीत. मी बघत राहिले.

आता आम्ही पाळी लावली आहे. एक दिवस मी, एक दिवस शबानाभाभी, एक दिवस मंगला सकाळची भाजी विकून. सरूमाय हार ओवायचं सामान घेऊनच येते, मागच्या बाकावर बसून ओवते. माझी त्या दिवसाची मजुरी जाते. जाऊ दे. मोठ्या बाई म्हणतात वर लिहून पाठवीन. पाठवा. सभा लावली तर आम्ही आत असू. नाही लावली तरी आत असू. फोटोपुरतं कोणी उठ म्हटलं तर मी उठणार नाही, आणि फोटो झाल्यावर जा म्हटलं तरी उठणार नाही. जूनमध्ये सातवीच्या वर्गाला कुलूप दिसलं तर पोरींना घेऊन त्या दारापुढं बसेन. माझी माय या असल्याच फरशीवर गुडघे टेकून फडकं फिरवत होती. तसल्याच फरशीवर मी मांडी घालून बसणार आहे. बूट घालून पलीकडं जायचं असेल त्यानं आता माझ्याशी बोलून जायचं.